जुन्या फोर-व्हील जीपची क्लच प्लेट स्वतः बदलताना

नमस्कार मित्रहो. माझ्या मागे सागाच्या ठोकळ्यांवर उभी असलेली ही गाडी महिंद्राची एमएम ५४० आहे. मृगाच्या पावसात आमच्या वावराकडे जाणारी पांदण एकदा चिघळली की ती दिवाळीपर्यंत वाळत नाही, आणि त्या काळ्या मातीतून खताच्या गोण्या नेण्याचे व वेचलेला कापूस घरी आणण्याचे काम वर्षानुवर्षे हीच जीप करते. या हंगामात नाल्याचा चढ चढताना इंजिनाचा आवाज वाढत गेला, पण गाडी जागची हलेना, आणि पायाखालून जळका वास येऊ लागला. क्लच, म्हणजे इंजिनाचा जोर गिअर बॉक्सकडे पोहोचवणारा आणि पेडल दाबल्यावर तो तोडणारा भाग, घसरत असल्याची ही खूण आहे.

गाडी उघडण्यापूर्वी एक गोष्ट मात्र अवश्य तपासा. क्लचचे पेडल हाताने दाबून पाहा. सुरुवातीला ते थोडे मोकळे हलले पाहिजे, आणि त्यानंतर जोर लागला पाहिजे. ही मोकळीक अजिबात नसेल, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीला) कायम रेटून धरते आणि चांगली प्लेटही घसरू लागते. अशा वेळी लिंकेजचा (पेडल आणि क्लच जोडणाऱ्या दांड्यांचा) नट फिरवून ताण सैल करण्याचे पाच मिनिटांचे काम पुरते. मोकळीक बरोबर असेल, तर सपाट आणि मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर ठेवा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच पकडतो आहे. इंजिन चालूच राहिले तर प्लेट गेली. ही परीक्षा एकदाच घ्या, कारण प्रत्येक वेळी उरलेली प्लेट आणखी झिजते.

आज मला जे सांगायचे आहे ते प्लेट बदलण्यापेक्षा ती का जळली याविषयी अधिक आहे. काही वर्षांपूर्वी मी याच गाडीला नवी प्लेट टाकली, गिअर बॉक्स चढवला आणि समाधानाने गाडी वावरात नेली. चार महिन्यांत तीच तक्रार पुन्हा सुरू झाली. आमच्या गावाकडचे एक म्हातारे मिस्त्री गाडीखाली वाकून बघत म्हणाले, “भाऊ, प्लेट त बदलली, पण तेल कुठून येऊन रायलं थे पाह्यलं काय?” मी ते पाहिले नव्हते. इंजिनाच्या मागच्या सीलमधून झिरपणारे तेल नव्या प्लेटवर उडत होते. सील अगदी थोड्या पैशांत मिळाले, पण ते टाकण्यासाठी सगळा गिअर बॉक्स दुसऱ्यांदा उतरवावा लागला. या कामात प्लेट बसवण्याचे श्रम थोडे आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याचे श्रम फार आहेत, म्हणून एकदा पोहोचलो की आतले सर्व काही पाहून घेतले पाहिजे.

आता सुरक्षिततेविषयी. अनेक जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागच्या बाजूला असलेल्या ड्रमवर असतो. मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा) सोडला की त्या हँडब्रेकचा आणि चाकांचा संबंधच संपतो, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. त्यामुळे चारही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओट लावल्याशिवाय एकही नट सोडू नका. गाडी जॅकवर कधीही ठेवू नये, आणि विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे तर वापरूच नयेत, कारण ते कोणतीही सूचना न देता एकदम फुटतात. स्टँड नसेल तर जाड सागाचे किंवा बाभळीचे ठोकळे आडवे-उभे रचा आणि गाडीखाली जाण्यापूर्वी चेसिसला जोराचा धक्का देऊन पाहा.

बॅटरीची तार काढा, सीट आणि गिअरभोवतीचा तळपत्रा काढा, गिअरचा दांडा आणि ट्रान्सफर केसचे लिव्हर सोडवा, आणि उघड्या पडलेल्या तोंडावर लगेच स्वच्छ फडके बांधा. स्पीडोमीटरची केबल, क्लचची लिंक आणि हँडब्रेकची केबल सोडा. पुढचा आणि मागचा शाफ्ट सोडण्यापूर्वी प्रत्येक जोडावर छिन्नीने बारीक खूण करा, म्हणजे तो पुन्हा त्याच जागी बसेल. हे जवळून पाहा: यू-बोल्ट निघाल्याबरोबर मी क्रॉसच्या (शाफ्टच्या जोडातल्या फुलीच्या) दोन्ही टोप्यांभोवती चिकटपट्टी गुंडाळली आहे. ती गुंडाळली नाही तर टोपी निसटते आणि आतल्या सुईएवढ्या रोलर्स मातीत विखुरतात.

गिअर बॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्रच उतरवायचे आहेत, आणि हे ओझे एका माणसाने हातावर झेलण्याचे नाही. इंजिनाच्या मागच्या भागाला फळी ठेवून एक जॅक आणि गिअर बॉक्सखाली दुसरा जॅक लावल्यावरच आडव्या क्रॉस मेंबरचे बोल्ट काढा. बेल हाउसिंगचे (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या आवरणाचे) बोल्ट काढताना मी समोरासमोरच्या दोन जागी डोकी कापलेले लांब बोल्ट घातले आहेत. त्यांच्यावरून बॉक्स सरळ मागे सरकतो. बॉक्सचा भार इनपुट शाफ्टवर (गिअर बॉक्समधून क्लचमध्ये जाणाऱ्या दांड्यावर) लटकला, तर प्लेटची मधली नळी वाकते, आणि चढवताना असे झाले तर नवी प्लेट पहिल्याच दिवशी खराब होते.

बॉक्स निघाला की आत काळी धूळ दिसेल. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. तोंडाला मास्क लावा, पाण्याने ती ओली करा आणि फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाका.

[कॅमेरा जवळ: जुनी प्लेट, बेल हाउसिंगचा तळ]

आता खरे काम सुरू होते. बेल हाउसिंगच्या तळाशी जे ओले आहे ते बोटावर घ्या. काळे आणि पातळ असेल तर ते इंजिन ऑइल आहे आणि दोष क्रँकच्या (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या सीलचा आहे. घट्ट असेल आणि गंधकासारखा उग्र वास येत असेल तर ते गिअर ऑइल आहे आणि इनपुट शाफ्टचे सील बदलायचे आहे. सगळे कोरडे असेल आणि प्लेटची रिव्हेटे अस्तराच्या बरोबरीला आली असतील, तर प्लेट आपले आयुष्य जगून संपली आहे. पण अस्तर शिल्लक असूनही ते काळेठिक्कर, काचेसारखे चकचकीत झाले असेल आणि फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या ज्या जड चाकावर प्लेट दाबली जाते त्यावर) निळसर डाग असतील, तर दोष चालवण्याचा आहे. आपल्याकडे चिखलात रुतलेली गाडी बहुतेक जण ट्रान्सफर केसच्या हाय रेंजमध्ये (नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) अर्धा क्लच धरून काढू पाहतात. लो रेंज (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) नेमकी याच कामासाठी दिलेली आहे: तीत चाकांवर पोहोचणारा जोर दुपटीहून अधिक होतो आणि क्लचला घसरावेच लागत नाही. हे मी घरच्या प्रत्येकाला, विशेषतः माझ्या भाच्याला, गाडीवर बसवून शिकवले.

फ्लायव्हीलवर नखाला लागतील असे चर असतील तर ते लेथवर नेऊन फेस मारून घ्या. बारीक तडे खोल गेलेले दिसले तर ते फ्लायव्हील परत लावू नका. क्रँकच्या टोकाचे छोटे पायलट बुश (इनपुट शाफ्टचे टोक ज्यात टेकते ती नळी) पाहायला लोक विसरतात, आणि मग क्लच दाबूनही गिअर खरखरतो. ते काढण्यासाठी भोकात ग्रीस ठासून भरा आणि बुशच्या भोकात घट्ट बसणाऱ्या सळईवर हातोडीने ठोका. ग्रीसचा दाब बुशला मागून बाहेर ढकलतो. नवे बुश पितळी असेल तर ते बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. रिलीज बेअरिंग मात्र डिझेलने धुऊ नका, आतले ग्रीस निघून जाते. जुन्या प्लेटलाच नवे अस्तर लावून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे, परंतु तिच्या मधल्या स्प्रिंगा आणि दाते झिजलेलेच राहतात, म्हणून मी नवी प्लेट घेण्याच्या मताचा आहे.

बसवताना प्लेटची बाजू चुकवू नका: बहुतेक प्लेटांचा स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअर बॉक्सकडे राहतो आणि फ्लायव्हीलची बाजू प्लेटवर लिहिलेली असते. ती बरोबर मध्यावर यावी म्हणून सुताराकडून मी हा बाभळीचा दांडा घडवून घेतला आहे. त्याचे बारीक टोक पायलट बुशात जाते आणि जाड भाग प्लेटच्या नळीत घट्ट बसतो. दांडा आत असतानाच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, प्रत्येक वेळी एकेक फेराच आवळत जा, आणि शेवटी मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने घट्ट करा. इनपुट शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा फक्त हात फिरवा. जास्तीचे ग्रीस प्लेटवरच उडते.

बॉक्स आत जात नसेल तर बोल्ट आवळून तो ओढून घेऊ नका. गिअर टाकून मागचा जोड हाताने थोडा फिरवा, दाते जुळले की बॉक्स आपोआप सरकतो. बाकीची जोडणी उलट क्रमाने करा, काढलेले तेल तेवढेच भरा, आणि पेडलची मोकळीक जुन्या जीपला साधारण १ इंच ठेवा. पहिले काही दिवस ट्रॉली जोडू नका, आणि अस्तर बसल्यावर ही मोकळीक पुन्हा एकदा मोजा, कारण प्लेट झिजत जाते तशी ती कमी होत जाते.