प्रेक्षक, पडदा आणि शेवटची गाडी

(मराठवाड्यात गावोगावी फिल्म सोसायटी चालवणाऱ्या कार्यकर्त्यांसमोरच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तालुक्याच्या गावी चांगला सिनेमा दाखवायला निघालेल्या माणसाची तक्रार ठरलेली असते : “आपल्याकडं प्रेक्षकच नाही हो.” प्रेक्षक आहे. बाजाराच्या पिशव्या पायाशी ठेवून, पत्र्याखाली घाम पुसत तीन तासांचा पिक्चर बघणारा प्रेक्षक इथल्या टॉकीजनी वर्षानुवर्षं पोसला, आणि त्यानं टॉकीज पोसल्या. त्याच्या सवयींत आवडीनिवडीचा वाटा थोडा. त्या घडल्या बाजारानं, एसटीनं, लाईटनं आणि आपण त्याला बसवतो त्या जागेनं.

आधी भाषेचं बोलू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. पुढं राज्यांची फेररचना झाली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण सिनेमाच्या धंद्यानं जुना नकाशा सोडला नाही. हिंदी चित्रपटांच्या वितरणात मराठवाडा ‘निझाम’ सर्किटमध्येच, म्हणजे जुन्या निजामी मुलखाच्या वितरण-विभागातच मोजला गेला. शाळेत, कचेरीत उर्दू ऐकलेल्या पिढीला हिंदी संवाद कधी जड गेले नाहीत. देगलूर, बिलोली, धर्माबादकडं तर तेलुगूही कानावरची. तेव्हा मराठी चित्रपटाला गर्दी जमली नाही म्हणून लगेच अस्मितेचं भाषण ठोकू नका. इथला कान पहिल्यापासून तीन भाषांचा आहे.

आता वेळेचं. टॉकीजचे चार शो : बारा, तीन, सहा, नऊ. आठवडी बाजाराला आलेला खेड्यातला माणूस बाराच्या किंवा तीनच्या शोला बसायचा, कारण गावाकडं जाणारी शेवटची गाडी संध्याकाळी. बाजार उरकला की थेटरात. त्यामुळं अर्धा पिक्चर झाल्यावर आत येणं आणि क्लायमॅक्सच्या आधीच पिशवी उचलणं हे त्याच्या हिशेबात बसत होतं. त्याला बेशिस्त म्हणणारा बहुधा स्वतःच्या गाडीनं घरी जातो.

तंबूनं आणखी एक सवय लावली. माळेगावच्या खंडोबाची असो की गावची जत्रा असो, टुरिंग टॉकीजचा थाट साधारण सारखाच. कनातीचा तंबू, मशीन म्हणजे प्रोजेक्टर ट्रकमध्येच बसवलेलं, मधोमध दोरी, एकीकडं बाया, दुसरीकडं पुरुष. पस्तीस एमएमची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. तीन तासांच्या पिक्चरला अशी आठ रिळं लागतात. पक्क्या टॉकीजमध्ये दोन मशीन असायची. रीळ संपता संपता पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकला की ऑपरेटर दुसरं मशीन चालू करायचा, सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की उजेड तिकडं वळवायचा. प्रेक्षकाला पत्ताही लागत नसे. तंबूत मशीन एकच, म्हणजे मध्यंतर धरून सात वेळा थांबा. त्या मिनिट-दोन मिनिटांत मागच्यानं पुढच्याला विचारायचं, “हा त्याचा भाऊ का दोस्त?” सिनेमा मोठ्यानं बोलत बघायची मुभा अशी मशीननंच दिली. मशीनमधला उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा. त्या नीट सरकवल्या नाहीत की अंतर वाढून पडदा पिवळा पडायचा, मग शिट्ट्या. ऑपरेटरला जागं करण्याचा दुसरा उपाय नव्हता.

मोबाईलचं थोडक्यात. डब केलेले साउथचे पिक्चर गाणी पुढं ढकलत बघणारा पोरगा तुमच्या हॉलमध्ये येईल, तेव्हा पहिली दहा मिनिटं चुळबुळ करणारच. दारावरच त्याला दम देऊ नका.

तुमचा शो कधी लावायचा? दिवाळीनंतर बीडकडचे ऊसतोड मजूर कारखान्यांवर जातात, ते थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या काळात वाड्या-तांड्यांवर शो लावून खुर्च्या मोजू नका. रब्बीत शेतीच्या फिडरला रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात पुरुष पाणी द्यायला जातात. तारीख ठरवायच्या आधी लाईनमनला विचारा, तुमच्या पोस्टरपेक्षा त्याची माहिती जास्त कामाची. उघड्यावर दाखवणार असाल तर मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पडद्यावर चित्र उठायला साडेसात होतात. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. म्हणजे हाताशी अडीच तास, त्यातच पाहुण्यांचा सत्कार. सत्कार गाळा. डिसेंबरमध्ये साडेसहालाच सुरू करता येतं, पण थंडीत बायका लेकरं घेऊन उघड्यावर फार वेळ बसत नाहीत, तेव्हा दीड तासाचाच सिनेमा निवडा.

पडद्याकडं जास्त लक्ष द्या, कारण तिथंच माणसं तुटतात. बारा फूट रुंद, पावणेसात फूट उंच पडदा म्हणजे ८१ चौरस फूट. ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. थिएटरच्या मापानं चौरस फुटाला सोळा ल्युमेन धरले तर तेराशे पुरतात. पण दिवा जुना होतो, फिल्टरमध्ये धूळ बसते, वीज वाचवायला उजेड कमी करणारा इको मोड चालू राहतो. म्हणून खोक्यावर ३,००० ते ३,५०० लिहिलेला प्रोजेक्टर घ्या, आणि दर शोआधी फिल्टर झटका. उजेड आत येत असेल तर कितीही ल्युमेन घ्या, काळा रंग राखाडीच दिसणार. खिडक्यांना मल्चिंग पेपर, म्हणजे शेतात वाफ्यावर अंथरतात तो प्लास्टिकचा कागद लावा, चंदेरी बाजू बाहेर, काळी आत. मे महिन्यात मात्र पत्र्याचा हॉल असा बंद करू नका. माणसं भाजून निघतील. रात्रीचा शो ठेवा.

बहुतेक प्रोजेक्टरांना बारा फुटी चित्रासाठी अठरा फूट अंतर लागतं, म्हणजे तो प्रेक्षकांच्या मधोमध येतो. खाली ठेवून वर तिरका केला की चित्र वर पसरट होतं. मग रिमोटनं कीस्टोन, म्हणजे तिरकं चित्र चौकोनी करायची सोय लावतात, आणि अक्षरं फिसकटतात. टेबलावर टेबल चढवा, चारी पाय बांधा, बाजूनं माणूस जाईल एवढी वाट सोडा.

सबटायटल पडद्याच्या खालच्या कडेला असतात. सपाट जमिनीवर खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं सव्वाचार फुटांपर्यंत येतं. पडद्याची खालची कड तीन फुटांवर असेल तर तिसऱ्या रांगेपासून मागचा माणूस संवादाऐवजी पुढच्याची टोपी वाचतो. कड साडेचार फुटांवर घ्या. पुढं सतरंज्या, मागं खुर्च्या, आणि खुर्च्या दोन डोक्यांच्या फटीतून दिसेल अशा सरकवून. शेवटची रांग चाळीस फुटांच्या आतच. एखादी शाळकरी पोर आजीसाठी ओळी वाचत असेल तर वाचू द्या. आजी त्याच आवाजाच्या भरवशावर बसलेली असते.

आवाजात दोन चुका नेहमीच्या. रिकाम्या हॉलमध्ये चाचणी घेतली की पत्रा घुमतो, म्हणून आवाज कमी ठेवला जातो. माणसं भरली की तीच आवाज शोषतात आणि संवाद विरतो. दहाव्या मिनिटाला मागं जाऊन ऐका, मग वाढवा. मागच्या भिंतीला सतरंजी टांगली तर घुमणं कमी होतं. दुसरी चूक स्पीकरमधल्या गुणगुणीची. लॅपटॉप एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्यावर असला की ती येते. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या, तरी राहिली तर चार्जर काढून बघा. आकडा टाकून लाईट घेऊ नका. गुन्हा तर आहेच, शिवाय व्होल्टेज खालीवर झालं की प्रोजेक्टर जातो. एक केव्हीएचा यूपीएस प्रोजेक्टरलाच जोडा. लाईट गेली तर सिनेमा वाचवायला नव्हे, पंखा चालू ठेवून दिवा थंड करायला. ताबडतोब बंद पडलेला तापता दिवा फार दिवस टिकत नाही.

शेवटी चर्चा. “सिनेमा कसा वाटला?” या प्रश्नाला “छान” एवढंच उत्तर येतं आणि माईक फिरत राहतो. एका प्रसंगाचं विचारा : ती बाई दारापासून परत का फिरली? मग दोघी बोलतात, तिसरा भांडतो. पंधरा मिनिटांत आवरा, मुक्कामी एसटीनं गावी जाणाऱ्यांना सोडा.

आणि पोस्टर छापायच्या आधी निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत फाईलला लावा. तिकीट नाही म्हणून परवानगी लागत नाही, हा गैरसमज आहे. ओटीटीचं घरगुती सदस्यत्व घेऊन चावडीवर सिनेमा दाखवता येत नाही.