देणगीची तारीख आणि निविदेची तारीख

राजकीय देणगी आणि सरकारी ठेका यांचा संबंध सिद्ध करायचा तर दोन याद्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. पैसे कोणी दिले ही एक आणि सरकारकडून कोणाला काय मिळालं ही दुसरी. त्या जुळवता येतात की नाही हे कायदा कसा केला आहे यावर अवलंबून असतं, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

सुरुवात १९८१ च्या सिमेंट प्रकरणापासून करतो. त्या काळी सिमेंट नियंत्रित होतं. सरकारी दर आणि बाजारातला दर यांत एवढी तफावत होती, की सिमेंटचा कोटा हातात पडणं हाच बिल्डरचा नफा. मुख्यमंत्री अंतुले यांच्या कारकिर्दीत बिल्डरांना असे कोटे मिळाले आणि त्यांच्याकडून अंतुल्यांनीच स्थापलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणग्या गेल्या. कोटा सरकारी नस्तीत, म्हणजे फाइलीत होता, देणगी संस्थेच्या हिशेबात होती. मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये या दोहोंचा संबंध मान्य केला आणि अंतुल्यांना पद सोडावं लागलं. फौजदारी खटल्याची वाट मात्र वेगळी निघाली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे सोपवला आणि १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तोच आदेश रद्द केला. संबंध दाखवणं आणि गुन्हा शाबीत करणं यांतलं अंतर किती मोठं असतं, हे त्यातून दिसतं.

आता निवडणूक रोखे, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायची आणि पक्षाने वटवायची, दात्याचं नाव नसलेली वचनपत्रं. २०१७ च्या वित्त कायद्याने एकाच वेळी अनेक कायदे बदलले. कंपनी कायद्याच्या कलम १८२ मधली, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली. कोणत्या पक्षाला पैसे दिले हे नफा-तोटा पत्रकात सांगण्याची सक्तीही गेली. पक्षांनी दात्यांची माहिती आयोगाला द्यावी असं सांगणाऱ्या, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९सी मधून रोख्यांच्या देणग्या वगळल्या. म्हणजे देणाऱ्याच्या वहीतलं पक्षाचं नाव गेलं आणि घेणाऱ्याच्या वहीतलं दात्याचं. माझ्या मते योजनेचा गाभा हाच होता: पहिली यादीच नाहीशी करायची.

१५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने योजना रद्द केली. ६ मार्चपर्यंत तपशील द्या असं सांगितल्यावर स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ती ११ मार्चला नाकारली. १४ मार्चला निवडणूक आयोगाने दोन फाइली प्रसिद्ध केल्या, एक खरेदीदारांची आणि एक वटवणाऱ्या पक्षांची, पण दोन्हींना जोडणारा क्रमांक त्यांत नव्हता. १८ मार्चला न्यायालयाने पुन्हा बजावलं, तेव्हा २१ मार्चला क्रमांकांसह फाइली आल्या.

त्या जुळवताना अनेकांची गफलत झाली ती इथे. रोख्यावर आधी इंग्रजी अक्षरांची जोडी असते आणि मग क्रमांक. ‘ओसी’ म्हणजे एक कोटी, ‘टीएल’ म्हणजे दहा लाख, ‘ओएल’ म्हणजे एक लाख. नुसत्या आकड्यावर जुळवलं तर एक कोटीचा रोखा दहा लाखांच्या रोख्याशी जुळतो आणि भलत्याच पक्षाच्या खात्यात पैसे दिसतात. अक्षरं आणि आकडा जोडून एकच ओळख करायची, मग जुळवायचं. रोखा १५ दिवसांत वटवावा लागे. त्यामुळे खरेदी आणि वटवणं यांत त्याहून जास्त अंतर दिसलं तर जुळणी बहुधा चुकली आहे. दुसरी अडचण नावांची. एकाच उद्योगसमूहाच्या उपकंपन्या स्वतंत्रपणे रोखे घेतात, काही वेळा संचालक स्वतःच्या नावाने घेतात. संचालक मंडळ आणि नोंदणीकृत पत्ता तपासल्याशिवाय बेरीज करू नये. शिवाय ही फाइल १२ एप्रिल २०१९ पासूनची आहे. त्याआधीच्या खरेदीदारांची नावं तिच्यात नाहीत.

एक उदाहरण घेऊ. मेघा इंजिनिअरिंगने या काळात ९६६ कोटींचे रोखे घेतले, मोठा वाटा भाजपला गेला, काही भारत राष्ट्र समिती, द्रमुक वगैरेंना. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने १४० कोटींचे रोखे घेतले आणि पुढच्याच महिन्यात ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं सुमारे १४,४०० कोटींचं काम तिला मिळालं. यावरून आरोप झाला. तारखांचा हा क्रम प्रश्न विचारायला पुरेसा आहे, दोषी ठरवायला नाही. हेच माप सगळ्यांना लावायचं. सर्वांत मोठा खरेदीदार, लॉटरी व्यवसायातली फ्यूचर गेमिंग, हिचे १,३६८ कोटी सर्वाधिक तृणमूल काँग्रेस आणि द्रमुककडे गेले, म्हणजे आपापल्या राज्यांत सत्तेवर असलेल्या पक्षांकडे.

खरी मेहनत दुसऱ्या यादीत आहे. ठेक्याची एकच तारीख नसते. निविदा सूचना, शुद्धिपत्रकं (म्हणजे सूचनेनंतर अटींत केलेले बदल), तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, स्वीकृतिपत्र, कार्यारंभ आदेश, अशी साखळी असते आणि देणगी या साखळीत कुठे बसते ते पाहायचं. स्वीकृतिपत्राच्या आधीची देणगी सगळ्यांच्या डोळ्यांत भरते. मला शुद्धिपत्रकं जास्त महत्त्वाची वाटतात. अनुभवाची अट, वार्षिक उलाढालीची अट, यंत्रसामग्री मालकीची हवी की भाड्याची चालेल, यांतला एक शब्द बदलला की स्पर्धक पाचावरून दोनवर येतात. तांत्रिक छाननीत कोण बाद झालं आणि कोणत्या कारणाने, हे तुलनात्मक तक्त्यात लिहिलेलं असतं. मग अंदाजपत्रकापेक्षा दर किती टक्के जास्त, ते बघायचं.

आणि काम मिळाल्यावर थांबायचं नाही. पैसा नंतरही वाढतो: जादा बाबी, मुदतवाढ, भाववाढ आणि सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे आपली ‘सुप्रमा’. कमी दराने काम घेऊन सुप्रमात भरपाई करून घेता येते, म्हणून देणगीची तारीख सुप्रमाच्या तारखेशीही ताडून पाहावी. हे न केल्याने निम्मे आरोप उथळ राहतात.

हे कागद माहिती अधिकारात मिळतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत लागतो, म्हणून शुद्धिपत्रकांसाठी एक, तुलनात्मक तक्त्यासाठी दुसरा, सुप्रमाच्या प्रस्तावासाठी तिसरा अर्ज करा. प्रत्येकी शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की नकाराला निमित्त मिळतं. निविदेचा आणि नस्तीचा क्रमांक देऊन, टिप्पणीसह प्रत मागा. अट कोणी सुचवली आणि कोणी मान्य केली ते टिप्पणीतच असतं. व्यापारी गोपनीयतेचं कारण देऊन नकार आला तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा. निविदा निकाली निघाल्यावर या कारणाला फारसं बळ उरत नाही, हे अपिलात स्पष्ट मांडा.

रोख्यांच्या देवाणघेवाणीचा विशेष पथकाकडून तपास व्हावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नाकारली आणि नेहमीचे कायदेशीर मार्ग खुले आहेत असं सांगितलं. आता देणग्या धनादेशाने आणि निवडणूक न्यासांमार्फत जातात. न्यासात अनेकांचा पैसा एकत्र होतो, त्यामुळे कोणाचा पैसा कोणत्या पक्षाकडे गेला ते थेट सांगता येत नाही. थेट देणग्यांसाठी पक्ष आयोगाला नमुना २४ए भरून देतात. २०,००० रुपयांवरच्या दात्याचं नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि पैसे कसे दिले, एवढं त्यात असतं. तारखेला स्वतंत्र रकाना नाही. बंद झालेल्या रोख्यांच्या फाइलीत दिवसागणिक जी जुळणी करता आली, ती या नमुन्यावरून करता येत नाही. हा नमुना निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला आहे. त्यात तारखेचा रकाना घालायला संसदेत विधेयक आणावं लागत नाही. आयोगाशी विचारविनिमय करून केंद्र सरकार तो अधिसूचनेने घालू शकतं.