पगाराच्या स्लिपवरचा टॅक्स कोड

नमस्कार श्रोतेहो. तुमचा मुलगा, सून किंवा भाची ब्रिटनमध्ये नोकरीला असेल, तर पुढच्या फोनवर एक गोष्ट जरूर विचारा: पगाराच्या स्लिपवर टॅक्स कोड काय आहे?

तिथे प्राप्तिकर पगारातूनच कापला जातो. बहुतेकांचा कोड असतो १२५७एल. आकड्यापुढे शून्य लावा, झाले १२,५७० पौंड. वर्षाला एवढ्या कमाईवर कर नाही. पुढे ५०,२७० पर्यंत २० टक्के, मग ४०, आणि १,२५,१४० च्या वर ४५. स्कॉटलंडचे दर वेगळे. नव्या नोकरीत रुजू होताना माहितीचा फॉर्म भरायचा राहिला, तर कोड ०टी लागू शकतो. म्हणजे सूट शून्य, आणि महिन्याला दोनशे पौंडांहून जास्त कात्री. जादा कापलेले पैसे परत मिळतात. पण घराचं डिपॉझिट भरायचं असतं तेव्हा ते हाताशी नसतात.

ही १२,५७० ची मर्यादा २०२१ पासून जागची हललेली नाही. महागाई वाढली, पगार वाढले, सूट तेवढीच. दराला हात न लावता सरकार जास्त कर घेतं, आणि त्याची झळ कमी पगारवाल्याला लागते. मला हे अन्यायाचं वाटतं.

धंदा करणाऱ्यांचं गणित निराळं. कंपनीचा नफा ५०,००० पौंडांपर्यंत असेल तर १९ टक्के कर, अडीच लाखांवर २५. नोकर ठेवला की त्याच्या पगारावर नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी, एप्रिल २०२५ पासून मालकाचा वाटा १५ टक्के. बारा महिन्यांची उलाढाल ९०,००० च्या वर गेली की व्हॅटची नोंदणी सक्तीची. लंडनमध्ये वडापाव विकणाऱ्याला बटाटे, बेसन, पाव घेताना व्हॅट शून्य; तोच वडा गरमागरम बांधून दिला की २० टक्के!

आणि आईवडिलांसाठी खास. मुलाच्या नावावर इथे एफडी ठेवली असेल, तर तिचं व्याज त्याला तिथेही दाखवावं लागतं. तिथे जाण्याआधीची दहा वर्षं तो तिथला रहिवासी नसेल, तर पहिली चार वर्षं त्यावर सवलत मागता येते, पण मग त्या वर्षी १२,५७० ची सूट सोडावी लागते. व्याज थोडं असेल तर हा सौदा तोट्याचा. तिथलं करवर्ष ५ एप्रिलला संपतं, ऑनलाइन विवरणपत्राची मुदत पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत. एक दिवस उशीर झाला तरी दंड १०० पौंड, कर शून्य असला तरीसुद्धा. तेव्हा एफडीचे व्याजाचे दाखले त्याला वेळेत पाठवा.