हरलेल्याला पहिली निवड

मंडळी, अमेरिकन फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, त्यात पायाचं काम काय? मुख्यतः पळायचं. बाकीचे नियम मी आज सांगत बसत नाही, त्याला दुसरी संध्याकाळ लागेल. एनएफएल ही बत्तीस संघांची लीग आहे आणि प्रत्येक संघात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. चेंडू कुणाकडे फेकायचा, कधी फेकायचा, हे सारं तो ठरवतो. संघाचं बरंवाईट बहुतेक वेळा त्याच्यावर अवलंबून असतं. एवढं लक्षात ठेवलंत तरी आजच्या पुरतं भागेल.

आणखी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, ती म्हणजे ड्राफ्ट. आयपीएलचा लिलाव तुम्ही पाहता. तिथे ज्याच्या थैलीत पैसे उरलेत तो हात वर करतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून संघ आळीपाळीने निवड करतात, आणि गेल्या हंगामात जो सगळ्यात तळाला गेला त्याचा नंबर पहिला. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. बेल यांचा स्वतःचाच संघ तेव्हा तळाला होता, त्यामुळे पहिली निवडही त्यांनाच मिळाली. त्यांनी जे बरवँगर नावाचा खेळाडू निवडला. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही! ड्राफ्टची पहिलीच निवड वाया गेली, आणि तरीही नव्वद वर्षं लोक दरवर्षी तितक्याच आशेने त्याकडे डोळे लावून बसतात.

हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला ऑक्टोबरपर्यंतच कळून चुकतं की यंदाही काही खरं नाही. त्याचा खरा हंगाम एप्रिलमध्ये, ड्राफ्टच्या वेळी असतो. कुठला मुलगा घ्यायचा, पहिल्या फेरीतला हक्क विकून दोन हक्क घ्यायचे का, कोच कुणाला आणायचं, यावर तो वर्षभर वाद घालतो. या सगळ्यात त्याला मत आहे, मताधिकार नाही.

मी आज एकाच संघाबद्दल बोलणार आहे. ओहायो राज्यात एरी सरोवराच्या काठी क्लीव्हलँड आहे, तिथला संघ क्लीव्हलँड ब्राऊन्स. हा काही जन्मजात रडका संघ नव्हे. पॉल ब्राऊन या कोचने तो १९४६ मध्ये उभा केला. १९५०, १९५४, १९५५ आणि १९६४ साली तो एनएफएलचा विजेता होता. १९६४ नंतर मात्र विजेतेपद नाही. सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या आताच्या अंतिम सामन्यात तर हा संघ आजवर एकदाही उतरलेला नाही.

१९९५ च्या नोव्हेंबरमध्ये मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केली. डिसेंबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना झाला, तेव्हा लोकांनी खुर्च्या करवतीने कापून मैदानात फेकल्या. स्टेडियमच्या एका टोकाला 'डॉग पाउंड' म्हणून भाग होता. कुत्र्याचे मुखवटे घालून भुंकणारे फॅन तिथे बसत. सामना संपल्यावर खेळाडू त्या कठड्यापाशी जाऊन लोकांच्या गळ्यात पडले. पुढचं ऐका. बाल्टिमोरला गेलेल्या त्या संघाने, म्हणजे रेव्हन्सने, १९९६ च्या आपल्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत जोनाथन ऑग्डेन आणि रे लुईस हे दोघे घेतले. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेले. २००० च्या हंगामात रेव्हन्स सुपर बोलही जिंकले.

क्लीव्हलँडला १९९९ मध्ये नवा संघ मिळाला. तेव्हापासूनची निवडींची यादी कुठल्याही ब्राऊन्स फॅनला तोंडपाठ असते. १९९९ ला पहिली निवड क्वार्टरबॅक टिम काउच. पुढच्याच क्रमांकावर ईगल्सनी डोनोव्हन मॅकनॅब घेतला आणि तो त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. २००० च्या सहाव्या फेरीत ब्राऊन्सनी स्पर्गन विन हा क्वार्टरबॅक १८३ वा घेतला. त्याच फेरीत १९९ व्या क्रमांकावर न्यू इंग्लंडने टॉम ब्रेडी घेतला, जो पुढे या खेळातला सर्वात यशस्वी क्वार्टरबॅक ठरला. आता ब्रेडी सगळ्याच संघांनी सोडला होता म्हणा, पण इतरांनी त्याच्या आधी विन घेतला नव्हता. २०१२ मध्ये ब्रँडन वीडन घेतला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, आधी बेसबॉल खेळून आलेला. त्याच वर्षी, पुढे सुपर बोल जिंकणारा क्वार्टरबॅक रसेल विल्सन ७५ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. २०१४ ला जॉनी मँझिएल. दोन वर्षांत तोही गेला. २००७ चा ब्रेडी क्विन, वीडन आणि मँझिएल, तिघेही बरोबर २२ व्या क्रमांकावर घेतलेले. आपल्याकडे असतं तर कुणीतरी या आकड्याची शांत करून घेतली असती.

शहरातल्या एका जाहिरात कंपनीच्या खिडकीत काउचची जर्सी लटकत असे. नवा क्वार्टरबॅक आला की आधीच्या नावांखाली त्याचं नाव चिकटवायचे. वाढत वाढत ती यादी जर्सीच्या खाली उतरली. २०१८ मध्ये बेकर मेफिल्ड उतरला, तो १९९९ पासूनचा तिसावा.

आता माझा मुद्दा. फॅन या निवडींवर चिडतो, पण हा राग चुकीच्या जागी जातो, असं मला वाटतं. ड्राफ्टमधली चूक सगळ्यांची होते. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन संशोधकांनी ड्राफ्टचा अभ्यास केला होता. थेलर यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. त्यांनी एकाच जागी खेळणारे दोन खेळाडू घेतले, एक आधी निवडलेला आणि एक त्याच्या लगेच नंतरचा. आधीचा अधिक चांगला निघण्याचं प्रमाण होतं सुमारे ५२ टक्के. म्हणजे छापा-काट्यापेक्षा जेमतेम बरं. करोडो डॉलर, खेळाडू हेरणारे शेकडो स्काउट, मुलांची उंची, वजन, धावण्याचा वेग, हाताच्या पंजाची लांबी इंच-इंच मोजून हाती काय येतं, तर एवढंच. संघ मात्र स्वतःच्या पारखीवर बेफाम विश्वास ठेवतात आणि वरच्या निवडींसाठी भलतीच किंमत मोजतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पुरावा शेजारीच आहे. क्लीव्हलँडहून गाडीने दोन-अडीच तासांवर पिट्सबर्ग आहे आणि तिथले स्टीलर्स हे ब्राऊन्सचे हाडवैरी. स्टीलर्सनी १९५५ मध्ये जॉनी युनायटस निवडला आणि हंगाम सुरू होण्याआधीच काढून टाकला. तो पुढे बाल्टिमोरला जाऊन इतिहासातल्या थोर क्वार्टरबॅकपैकी एक झाला. १९८३ मध्ये पिट्सबर्गच्याच गल्लीत वाढलेला, पुढे दिग्गज क्वार्टरबॅक ठरलेला डॅन मरिनो समोर असताना त्यांनी दुसराच घेतला. ब्राऊन्सच्या फॅनला आयुष्यभर पुरतील अशा चुका! फरक एवढाच की १९६९ पासून २०२५ च्या हंगामापर्यंत स्टीलर्सचे हेड कोच झाले तीन. नोल, काउअर, टॉमलिन. आणि ब्राऊन्सचे? १९९९ पासून पुढच्या वीस वर्षांतले मोजा. पामर, डेव्हिस, क्रेनेल, मँगिनी, शर्मर, चडझिन्स्की, पेटिन, ह्यू जॅक्सन, किचन्स. हंगामी कोच यात धरलेले नाहीत. चडझिन्स्कींना एक हंगाम मिळाला, किचन्सनाही एकच.

कोच बदलला की नुसता माणूस बदलत नाही. त्याच्याबरोबर डावपेचांची वही बदलते, सांकेतिक शब्द बदलतात, कुठल्या बांध्याचे खेळाडू हवेत हे बदलतं. मागच्याने हौसेने घेतलेला मुलगा नव्याला नकोसा असतो. खेळाडू निवडणारा जनरल मॅनेजरही बदलला, तर त्या मुलाला कुणीच वाली उरत नाही. काउचला पहिल्याच हंगामात ५६ वेळा पाडलं गेलं, कारण त्याच्यासमोर उभी करायची फळीच तयार नव्हती. मेफिल्डने पहिल्या तीन हंगामांत चार हेड कोच पाहिले. उलट बाजूने पाहा. २००७ ला ब्राऊन्सनी जो थॉमस निवडला, ही निवड शंभर टक्के बरोबर होती. डावीकडचा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकचा अंगरक्षक. संघाच्या चढाईच्या सलग १०,३६३ चालींत तो मैदानाबाहेर गेला नाही, २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. अकरा हंगामांत त्याने सहा हेड कोच पाहिले आणि प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. निवड अचूक असूनही काय मिळालं?

इथे कुणी म्हणेल, मग संयम ठेवला की झालं. तेही इतकं सोपं नाही, कारण फॅन स्वतः संयमी नसतो. १९९१ ते ९५ ब्राऊन्सचा कोच होता बिल बेलिचिक. त्याने १९९३ मध्ये बर्नी कोसारला, म्हणजे ओहायोतच वाढलेल्या लाडक्या क्वार्टरबॅकला, हंगामाच्या मध्यावर काढलं. शहर खवळलं. 'बिलला हाकला' अशा घोषणा झाल्या. बेलिचिक गेला आणि पुढे न्यू इंग्लंडला सहा सुपर बोल जिंकून दिले.

संयमाची दुसरी, फार क्रूर परीक्षा २०१६ मध्ये झाली. बेसबॉलमधून आलेले पॉल डीपोडेस्टा आणि कारभारी साशी ब्राऊन यांनी थेलर वगैरेंच्या अभ्यासाला धरूनच धोरण आखलं. वरच्या निवडी विकायच्या, खालच्या पुष्कळ घ्यायच्या. त्या वर्षी त्यांनी चौदा खेळाडू निवडले. दुसऱ्या क्रमांकाचा हक्क विकला, त्यावर ईगल्सनी क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ घेतला. निकाल आला एक विजय, पंधरा पराभव. ह्यू जॅक्सन म्हणाले, पुन्हा असं झालं तर मी सरोवरात पोहेन. पुढचा हंगाम शून्य विजय आणि सोळा पराभव. जून २०१८ मध्ये त्यांनी खरोखर सरोवरात उडी मारली. तोवर साशी ब्राऊन यांना घालवलेलं होतं, म्हणजे साठवलेल्या निवडी वापरायला भलतेच लोक आले. जॅक्सन यांचा एकूण हिशेब चाळीस सामन्यांत तीन विजय, छत्तीस पराभव, एक बरोबरी.

६ जानेवारी २०१८ ला कडाक्याच्या थंडीत हजारो फॅन स्टेडियमभोवती मिरवणुकीने फिरले. गोल फिरले, शून्याच्या आकारात. शवपेट्या, थडगी, फलक सगळं होतं. यासाठी जमवलेल्या पैशातून उरलेले त्यांनी शहरातल्या अन्नपेढीला दिले. काही खेळाडूंना हा अपमान वाटला. मला तर हा निषेध फारच सभ्य वाटतो. अख्ख्या हंगामाची तिकिटं, पार्किंग, टीव्हीचे पैसे भरून झाल्यावर माणसाने निदान हसण्याचा हक्क तरी बजावावा.

आणि मग २०२० ला कोच म्हणून केव्हिन स्टेफान्स्की आले, मेफिल्ड सावरला, जानेवारी २०२१ मध्ये स्टीलर्सना त्यांच्याच मैदानावर प्लेऑफमध्ये ४८-३७ हरवलं. कोच कोविडमुळे घरी बसून सामना पाहत होते! वाटलं, गाडी रुळावर आली.

मार्च २०२२ मध्ये व्यवस्थापनाने क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनसाठी ह्यूस्टनला पहिल्या फेरीचे तीन हक्क दिले, शिवाय इतर. करार पाच वर्षांचा, २३ कोटी डॉलर, पै न् पै हमीची. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये हाच वॉटसन ब्राऊन्सच्या स्वतःच्या १२ व्या क्रमांकावर उपलब्ध होता. तो क्रमांक त्यांनी ह्यूस्टनलाच विकला होता. पण खरी ठसठस क्रीडेबाहेरची होती. दोन डझनांहून अधिक स्त्रियांनी वॉटसनवर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे केले होते. त्याने आरोप नाकारले, ग्रँड ज्युरींनी फौजदारी खटला उभा केला नाही, बहुतेक दावे तडजोडीने मिटले. लीगने अकरा सामन्यांची बंदी आणि पन्नास लाख डॉलर दंड केला. आजवर फॅनची अडचण एवढीच होती की संघ हरतो. आता तो जिंकला तर आनंद करायचा का, असा पेच पडला. कित्येकांनी तिकिटं परत केली, कित्येक घरांत यावरून बोलणं बंद झालं असेल.

पहिल्या तीन हंगामांत वॉटसन एकोणीस सामने खेळला. ह्यूस्टनने त्या तीनपैकी एक हक्क वापरून बचावपटू विल अँडरसनपर्यंत मजल मारली, आणि जानेवारी २०२४ च्या प्लेऑफमध्ये ब्राऊन्सना ४५-१४ झोडपलं. मेफिल्ड तोवर टँपाच्या संघात सुखाने नांदत होता. ही चूक छापा-काट्याची नव्हती. ड्राफ्टमध्ये तुम्ही भविष्य ओळखायला चुकता, त्याला इलाज नाही. इथे सगळी माहिती टेबलावर होती.

फॅनच्या रागाने कधी काही बदललं का? एकदा बदललं. १९९५-९६ मध्ये लोकांनी लीगच्या कचेरीवर पत्रं, फोन, फॅक्सचा मारा केला, शहराने कोर्टात धाव घेतली. फेब्रुवारी १९९६ मध्ये समेट झाला. संघ गेला, पण नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडला राहिला. त्याच वर्षी ओहायोने कायदा केला, त्याला मॉडेल कायदाच म्हणतात. करदात्यांच्या पैशावरच्या मैदानात खेळणाऱ्या संघाला हलायचं असेल तर सहा महिन्यांची सूचना द्यायची आणि स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यायची. या कायद्याच्या जोरावर २०१८ मध्ये कोलंबस क्रू हा आपल्या ओळखीच्या फुटबॉलचा संघ टेक्सासला जाण्यापासून वाचला. तो विकत घेणाऱ्यांमध्ये होते हॅस्लम कुटुंब, म्हणजे ब्राऊन्सचेच मालक.

त्याच हॅस्लमना आता सरोवराकाठचं स्टेडियम सोडून ब्रूक पार्क या उपनगरात छपराचं स्टेडियम बांधायचं आहे. शहराने मॉडेल कायद्याचा आधार घेतला. २०२५ च्या उन्हाळ्यात ओहायोच्या विधिमंडळाने अर्थसंकल्पातच त्या कायद्यात दुरुस्ती केली. आता तो राज्याबाहेर जाणाऱ्या संघालाच लागू होतो. ब्रूक पार्क ओहायोतच आहे.