पाय सोडून बघा

(रात्र. टॉर्चच्या उजेडात दगडी भिंत. तिच्यावर कोळ्यासारखा दिसणारा एक जीव.)

पाय बघू नका. अवघड आहे, मान्य. केसासारखे लांब आठ पाय आणि त्यांच्या मधोमध टांगलेलं जेमतेम ६-७ मिलिमीटरचं शरीर. नजर जाते ती पायांवरच. पण इथे तर मोजून सातच भरतायत! कुणी धरलं की हा पाय सोडून पळतो. तुटलेला पाय मागे वळवळत राहतो आणि तो पुन्हा काही उगवत नाही.

(कॅमेरा शरीरावर.)

एक शंका आधी मिटवू. हा कोळी नव्हे. कोळ्याला कंबर असते. इथे पुढचा भाग आणि पोट सलग, एकाच दाण्यासारखं. जाळ्याला रेशीम नाही, विषही नाही. डोळे दोनच, पाठीवरच्या एका उंचवट्यावर, पाठीला पाठ लावून बसल्यासारखे. म्हणजे हा हार्वेस्टमन, कोळ्यांहून वेगळ्या गटातला आठपायी जीव. आता हार्वेस्टमनच्या ६,५०० हून जास्त जाती आहेत. त्यांतला हा कोणता?

(बाजूनं, अगदी जवळून.)

तोंडापुढचे चिमटे बघा. प्रत्येकावरून एक टोकदार शिंग सरळ वर उठलंय. हा फॅलँजियम ओपिलिओचा नर. लिनियसनं १७५८ मध्ये नोंदवलेली ही जात. ओपिलिओ म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ.

मादीला शिंगं नसतात, आणि खरी परीक्षा तिथेच. भिंग घ्या. शरीराची पुढची कड आणि चिमटे यांच्यामधल्या खाचेत दोन पांढुरके दात शेजारीशेजारी दिसतील. नरालाही ते असतात, पण शिंगांपुढे त्यांच्याकडे बघतो कोण! मग तिला अलगद काचेच्या बाटलीत घ्या आणि खालून बघा. पायांची मुळं पांढुरकी, स्वच्छ. तिथे गडद ठिपके दिसले, तर ती नात्यातली दुसरी जात, ओपिलिओ पॅरिएटिनस.

पाठीवरच्या तपकिरी खोगिराच्या नक्षीवर मात्र माझा भरवसा नाही. तशी नक्षी कितीतरी जाती मिरवतात.

(कॅमेरा वर सरकतो.)

वरच्या फटीत आणखी एक आहे. लहानसा, शिंगं नाहीत. मादी म्हणावं? पण नराला शिंगं येतात ती शेवटची कात टाकल्यावरच. तोवर तोही असाच दिसतो.

त्यानं दुसऱ्या जोडीतला एक पाय पुढे केलाय. सगळ्यांत लांब पाय तो. चालण्यापेक्षा चाचपायलाच जास्त वापरतो. लेन्सची कड एकदा चाचपली, पुन्हा एकदा चाचपली, आणि फटीत गेला.