कागद बाजूला सरकला तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

'मी दोनच शब्द बोलणार आहे' असं म्हणून खिशातून सहा पानं काढणारा वक्ता तुम्ही पाहिला असेलच. मागच्याच महिन्यात मी अशा एकांसमोर पाऊण तास बसून होतो. मान खाली, नजर कागदावर, आणि पान उलटताना एक आवंढा. समोर माणसं बसली आहेत हे त्यांना कळलं ते लोक चहाला उठले तेव्हा. म्हणून ठरवलं, आज कागद बाजूला सारलेल्या एका माणसाची गोष्ट सांगायची.

तारीख २८ ऑगस्ट १९६३. वॉशिंग्टन शहर. गुलामी संपवणारे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग उभे आहेत आणि समोर सुमारे अडीच लाख माणसं. रोजगार आणि स्वातंत्र्य मागायला निघालेला हा मोर्चा. दिवस उन्हाचा, लोक सकाळपासून आलेले, आणि किंग यांचा नंबर शेवटी. म्हणजे वक्त्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट जागा!

आदल्या रात्री विलर्ड हॉटेलात सल्लागारांची बैठक झाली होती. किंग यांच्याकडे एक जुनी ओळ होती, 'माझं एक स्वप्न आहे'. दोन महिन्यांपूर्वी डेट्रॉइटला वापरलेली, त्याच्याही आधी १९६२मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंट गावी वापरलेली. वायट वॉकर नावाचे सहकारी म्हणाले, ती ओळ आता नको, घासून गुळगुळीत झाली आहे. मग किंग यांचे वकील आणि सल्लागार क्लॅरेन्स जोन्स यांनी कच्चा मसुदा दिला, किंग खोलीत गेले आणि रात्री उशिरापर्यंत लिहीत बसले. जो कागद तयार झाला त्यात स्वप्नाची ती ओळ नव्हती.

आता दुपारी ते बोलायला उभे राहिले. कागद समोर. भाषण चांगलं चाललं होतं, पण नुसतंच चांगलं. आणि महेलिया जॅक्सन मागे बसल्या होत्या. भक्तिगीतं गाणाऱ्या, त्या काळातल्या फार मोठ्या गायिका. त्याच मंचावर त्या आधी गाऊन झाल्या होत्या. मन खचलं की किंग त्यांना फोन करायचे आणि त्या फोनवर गाऊन दाखवायच्या, इतका घरोबा. त्यांनी मागून हाक मारली, 'मार्टिन, त्यांना स्वप्नाचं सांग!'

पुढचं जोन्स यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे. ते मागेच उभे होते. किंग यांनी कागद बाजूला सरकवला, व्यासपीठाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या आणि समोर पाहिलं. जोन्स शेजारच्याला म्हणाले, या लोकांना ठाऊक नाही, पण आता इथे चर्च भरणार आहे.

आणि भरलं! किंग यांचे वडील धर्मोपदेशक, आईचे वडीलही धर्मोपदेशक. काळ्या लोकांच्या त्या चर्चमध्ये उपदेशक एकटा बोलत नाही. तो एक ओळ टाकतो, लोक ती उचलतात. आपल्याकडे कीर्तनात बुवा 'पुंडलिक वरदा' म्हणाले की पुढचं कोणाला सांगावं लागतं का? तसंच. 'माझं एक स्वप्न आहे' ही ओळ त्या दिवशी किंग यांनी आठदा घेतली. अभंगाचं ध्रुपद जसं दर कडव्यानंतर परत येतं, तशी ती येत राहिली. वॉकर यांना जी ओळ गुळगुळीत वाटली, तीच लोकांच्या तोंडी बसली. कारण श्रोतेहो, डोळ्याला नवं लागतं, कानाला ओळखीचं लागतं. पुन्हा सांगतो, कानाला ओळखीचं लागतं. आम्हा रेडिओवाल्यांना हे लवकर कळतं, कारण तुम्ही आमचं पान उलटून मागे जाऊन वाचू शकत नाही.

जाता जाता आवाजाचंही सांगतो, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय. मोर्चाचे संयोजक बायर्ड रस्टिन यांनी उत्तम ध्वनियंत्रणेसाठी हट्ट धरला होता. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं नाही तर गर्दी बिथरते, असं त्यांचं म्हणणं. ती यंत्रणा आदल्या दिवशी कोणीतरी बिघडवली आणि सैन्याच्या तंत्रज्ञांनी ती रातोरात दुरुस्त केली. आमच्याकडे लाखाचा मंडप घालतात आणि माइक मात्र 'हॅलो, हॅलो, चेक' करत कुईऽऽ ओरडतो. असो.

आता कागदावरच्या भागाबद्दल थोडं, कारण तोही काही लेचापेचा नव्हता. सुरुवातच पाहा. किंग 'शंभर वर्षांपूर्वी' म्हणाले नाहीत. ते म्हणाले 'पाच विसा वर्षांपूर्वी'. आपल्या जुन्या बायका विसांत मोजायच्या ना, 'तीन विसा झाले मला', तसं. पण अमेरिकन माणसाच्या कानाला त्यातून लिंकन ऐकू येतात. गेटिसबर्गचं १८६३चं भाषण लिंकन यांनी 'चार विसा आणि सात वर्षांपूर्वी' असं सुरू केलं होतं. आणि किंग यांच्या पाठीमागे त्याच लिंकन यांचा पुतळा! गुलाममुक्तीचा जाहीरनामा त्यांचाच, १ जानेवारी १८६३चा. लिंकनची मोजणी लिंकनच्याच पायरीवर उभं राहून ऐकवायची आणि विचारायचं, शंभर वर्षं झाली, अजून का नाही? कानाला ओळखीचं, ते हे असं.

मग आला चेक. किंग म्हणाले, या देशाने स्वातंत्र्याची प्रॉमिसरी नोट, म्हणजे देणं फेडण्याचं लेखी वचन, सगळ्यांना लिहून दिली, पण काळ्या माणसाने चेक टाकला तर तो 'खात्यात पुरेशी शिल्लक नाही' असा शेरा घेऊन परत आला. न वटलेला चेक घरी आल्यावर काय वाटतं, हे तुम्हाला समजावायची गरज नाही. ही कल्पना जोन्स यांच्या मसुद्यातली. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमला पकडलेल्या सत्याग्रहींच्या जामिनासाठी त्यांना न्यूयॉर्कचे धनाढ्य गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्याकडून एक लाख डॉलर मिळाले होते, थेट बँकेच्या तिजोरीतून. तेव्हा त्यांना एका प्रॉमिसरी नोटवर सही करावी लागली. तो कागद त्यांच्या डोक्यात राहिला. मोठमोठ्या शब्दांपेक्षा असा बँकेचा कागद जास्त बोलतो, हे माझं ठाम मत. 'समता', 'न्याय', 'बंधुता' हे शब्द सभेत इतके वापरले जातात की ते ऐकताना लोक घड्याळ बघतात.

आणि शेवटी डोंगरांची नावं. 'स्वातंत्र्याचा घंटानाद होऊ दे', हे पुन्हा ध्रुपद, आणि ती शाळेत म्हणायच्या देशभक्तिगीताची ओळ. न्यू हॅम्पशायरचे डोंगर, न्यूयॉर्कचे, पेनसिल्व्हेनियाचे, कोलोरॅडोचे. इथपर्यंत भूगोलच वाटतो. मग ते म्हणाले, एवढंच नाही, जॉर्जियाच्या स्टोन माउंटनवरूनही! आता हे नाव साधं नाही. काळ्या माणसांचा छळ करणारी कू क्लक्स क्लॅन संघटना १९१५ साली त्याच डोंगरावर नव्याने उभी राहिली. किंग स्वतः तिथून जवळच्या अटलांटाचे. त्या डोंगरावरून घंटा वाजू दे, असं म्हणताना त्यांनी क्लॅनचा उच्चारही केला नाही. समोरच्यांसाठी तो करायची गरजच नव्हती.

किंग १९५९मध्ये भारतात आले होते, मुंबईत गांधीजींच्या मणिभवनातही राहिले होते. आपल्यातल्या किती मुंबईकरांनी ते घर आतून पाहिलंय, हे मी आज विचारणार नाही. लोकलने ग्रँट रोडला उतरलं की चालत जाता येतं.

तर तो बाजूला सारलेला कागद. भाषण संपलं, सतरा मिनिटांच्या आसपास. व्यासपीठाजवळ जॉर्ज रॅव्हलिंग नावाचा एक तरुण स्वयंसेवक बंदोबस्ताला उभा होता, उंचापुरा, बास्केटबॉल खेळणारा. त्याने किंग यांना विचारलं, तो कागद मला मिळेल का? किंग यांनी हातातली टाइप केलेली तीन पानं घडी करून त्याला देऊन टाकली. रॅव्हलिंग यांनी ती राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची सही असलेल्या एका पुस्तकात ठेवली आणि कित्येक वर्षं ती तिथेच राहिली. पुढे कोणी विचारलं तेव्हा त्यांनी ती पुस्तकातून बाहेर काढली. तिन्ही पानं वरपासून खालपर्यंत वाचली तरी 'माझं एक स्वप्न आहे' हे वाक्य त्यांत कुठेच सापडत नाही.