वाळवंटाच्या बाजूने उभे राहिलेले बेट

श्रोतेहो, नमस्कार.

अल्जीरियाच्या नैर्ऋत्येला तिंदूफ नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या रखरखीत माळावर, पश्चिम सहारातून परागंदा झालेली सहरावी कुटुंबे जवळजवळ पन्नास वर्षे छावण्यांमध्ये राहत आहेत. या छावण्यांना त्यांनी लायून, स्मारा, औसर्द, दाखला अशी नावे दिली आहेत, आणि ती सगळी सुटलेल्या गावांची नावे आहेत. खरे दाखला समुद्रकाठी आहे. छावणीतल्या दाखल्यात जन्मलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांनी समुद्र पाहिलेला नाही.

या लोकांच्या प्रजासत्ताकाला मॉरिशसने १ जुलै १९८२ रोजी मान्यता दिली. आपल्या कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांची नातवंडे-पतवंडे ज्या बेटावर आजही गणेशोत्सव साजरा करतात, तेच हे मॉरिशस. जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचा हा देश. अनिरुद्ध जगन्नाथ यांचे सरकार नुकतेच निवडून आले होते, त्याला महिनाही पुरता झाला नव्हता.

वाद थोडक्यात असा. पश्चिम सहारा ही स्पेनची वसाहत होती आणि मोरोक्को तिच्यावर हक्क सांगत होता. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ ऑक्टोबर १९७५ रोजी मत दिले की, मोरोक्कोच्या सुलतानाशी तेथील काही टोळ्यांचे निष्ठेचे संबंध होते खरे, पण त्यातून भूमीवरचे सार्वभौमत्व सिद्ध होत नाही आणि लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काला बाधाही येत नाही. तरीही पुढच्याच महिन्यात मोरोक्कोने साडेतीन लाख माणसांचा मोर्चा सीमेपलीकडे पाठवला आणि स्पेनने काढता पाय घेतला. सहरावींच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ आघाडीने २७ फेब्रुवारी १९७६ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा केली. १९९१ मध्ये युद्धविराम झाला आणि सार्वमताचे आश्वासन मिळाले, पण ते सार्वमत आजवर झालेले नाही.

मान्यता देणे सोपे असते, ती टिकवणे अवघड. आपल्या भारतानेही १९८५ मध्ये दिलेली मान्यता २००० मध्ये काढून घेतली. मॉरिशसनेही जानेवारी २०१४ मध्ये तेच केले. मला तो निर्णय त्या वेळीही चुकीचा वाटला होता आणि आजही वाटतो, कारण सहरावींच्या बाजूने बोलणे ही मॉरिशससाठी केवळ परोपकाराची बाब नाही. त्याचा स्वतःचा दावाही स्वयंनिर्णयाच्या त्याच तत्त्वावर उभा आहे.

तो दावा हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचा. मॉरिशसला स्वातंत्र्य मिळण्याच्या तीन वर्षे आधी, १९६५ मध्ये, ब्रिटनने ही बेटे त्याच्यापासून तोडली आणि त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभारता यावा म्हणून तेथील रहिवाशांना १९७३ पर्यंत हुसकावून लावले. जाण्यापूर्वी त्यांना आपल्या पाळीव कुत्र्यांचा शेवट पाहावा लागला: खोबरे वाळवण्याच्या कोठारात कोंडून, गाड्यांचा धूर आत सोडून ती कुत्री मारण्यात आली.

नोव्हेंबर २०१५ मध्ये मॉरिशसने सहरावी प्रजासत्ताकाची मान्यता पूर्ववत केली. तेव्हाही पंतप्रधानपदी अनिरुद्ध जगन्नाथच होते. तीन वर्षांनी, वयाच्या ८८ व्या वर्षी, ते चागोसची बाजू मांडायला स्वतः हेगच्या न्यायालयापुढे उभे राहिले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने मत दिले की, बेटे तोडणे बेकायदेशीर होते, आणि लोकांची इच्छा मुक्तपणे व खऱ्या अर्थाने व्यक्त झाली पाहिजे हे सांगताना त्याने आधार घेतला तो पश्चिम सहाराबद्दलच्या १९७५ च्या आपल्याच मताचा. वाळवंटासाठी लिहिलेला कायदा बेटाच्या कामी आला. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मॉरिशसच्या बाजूने ११६ आणि विरोधात अवघी ६ मते पडली.

पुढे आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयात पश्चिम सहाराविषयी खटला चालला, त्यात मॉरिशस आपणहून हस्तक्षेपक, म्हणजे आपली बाजू मांडणारा त्रयस्थ पक्ष, म्हणून सामील झाला. सप्टेंबर २०२२ च्या निकालात अर्ज फेटाळला गेला, पण त्याच निकालात मोरोक्कोचा ताबा सहरावींच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काशी विसंगत असल्याचेही न्यायालयाने नोंदवले. ज्या देशाकडे मोठे सैन्य नाही, पैशांचा दबदबा नाही, त्याने अशा ठिकाणी जाऊन बसणे मला फार मोलाचे वाटते.

मात्र याच भूमिकेने मॉरिशस सरकारवर एक जबाबदारी टाकली आहे आणि ती अजून पार पडलेली नाही. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी चागोस बेटे मॉरिशसकडे सोपवण्याच्या करारावर सह्या केल्या. त्या वाटाघाटींत आम्हाला कोणी विचारले नाही, अशी अनेक चागोसवासीयांची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. सहरावींना विचारा, असे चार दशके जगाला सांगणाऱ्या सरकारने पोर्ट लुईच्या रोश ब्वा आणि कासी या वस्त्यांतल्या वृद्ध चागोसवासीयांच्या दारी जाऊन, ती पिढी हयात आहे तोवरच, हाच प्रश्न त्यांनाही विचारावा.

नमस्कार.